हाली सिक्का आणि मराठी मुलखातील चलनांतर

हाली सिक्का : भूतपूर्व हैदराबाद संस्थानाचे अधिकृत चलन. ‘हाली’ म्हणजे सध्या चालू असलेला. जुन्या, घासलेल्या किंवा अन्य टाकसाळींतून आलेल्या नाण्यांपासून सरकारमान्य नाणे वेगळे ओळखता यावे, म्हणून हा शब्द रूढ झाला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत (१९११–४८) हेच चलन ‘उस्मानिया सिक्का’ या नावाने संबोधले जाऊ लागले. तथापि मराठवाड्यातील बोलीत आणि बाजारात ‘हाली’ हेच नाव अखेरपर्यंत टिकले. त्याच्या जोडीने शेजारच्या ब्रिटिश मुलखातील यंत्रावर पाडलेल्या रुपयास ‘कलदार’ म्हणत. १९५० नंतर हाली रुपयाच्या जागी भारतीय रुपया आला आणि १९५७ मध्ये त्या रुपयाचे आणे-पै जाऊन नवे पैसे आले. अशा प्रकारे मराठी मुलखाच्या एका मोठ्या भागाने सात-आठ वर्षांच्या अवधीत दोन चलनांतरे अनुभवली.

चलनांतर म्हणजे हिशेबाचे जुने एकक रद्द करून ठराविक प्रमाणात त्याच्या जागी नवे एकक प्रस्थापित करणे. अवमूल्यनात देशाच्या चलनाचा परकीय चलनाशी असलेला दर कमी केला जातो. निश्चलनीकरणात विशिष्ट नोटांची वा नाण्यांची कायदेशीर ग्राह्यता काढून घेतली जाते. चलनांतरात यांपैकी काहीच अभिप्रेत नसते. मालमत्ता, कर्ज, वेतन व किमती एकाच प्रमाणात नव्या आकड्यांत मांडल्या जातात आणि तत्त्वतः कोणाचेही नुकसान अथवा लाभ होत नाही. चलनवाढ ही याहून सर्वस्वी वेगळी प्रक्रिया आहे. तीत एकक तेच राहते, पण त्याची क्रयशक्ती घटते. असे असूनही जेथे जेथे चलनांतर झाले, तेथे तेथे सामान्य लोकांनी त्याचा संबंध महागाईशी जोडलेला दिसतो. हा समज सर्वस्वी निराधार नाही, हे मराठवाड्यातील व विदर्भातील अनुभवावरून स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ‘रुपया’ हे एका नाण्याचे नाव नसून नाण्यांच्या एका मोठ्या कुळाचे नाव होते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी असे अनेक रुपये एकाच बाजारात चालत. प्रत्येकाचे वजन व कस भिन्न असल्याने एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना बट्टा द्यावा लागे. हा बट्टा ठरविणारा सराफ हा बाजारपेठेतील अपरिहार्य घटक होता. नागपूरकर भोसल्यांचीही टाकसाळ होती आणि तत्कालीन प्रथेप्रमाणे तिच्या नाण्यांवर मोगल बादशहाचेच नाव असे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला एकच रुपया ठरविला. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले आणि नागपुरी रुपया कंपनीच्या रुपयापुढे मागे पडला. नागपूरच्या आसपासच्या रयतेचा हा पहिला मोठा चलनबदल होय. यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा या भागांत बट्ट्याचा प्रश्न हळूहळू संपुष्टात आला. कलदार रुपया तोळाभर वजनाचा असल्याने तो वजन म्हणूनही वापरता येई.

वऱ्हाडाची स्थिती मात्र चमत्कारिक होती. तैनाती फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. १९०२ च्या करारान्वये ते सालिना २५ लाख रुपये खंडावर कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे राहिले आणि १९०३ पासून त्याचा कारभार नागपूरहून होऊ लागला. कायद्याने वऱ्हाडचे स्वामित्व निजामाचे, पण अमरावती-अकोल्याच्या बाजारात निजामाचा रुपया चालत नसे. करारातील २५ लाख हे कलदार होते. हालीच्या हिशेबाने ती रक्कम २९ लाख १६ हजार ६६६ रुपये १० आणे ८ पै एवढी होते. पैनगंगेच्या उत्तर तीरावर कलदार आणि दक्षिण तीरावर हाली. तसेच वर्धा नदीच्या अलीकडे चांदा जिल्ह्यात कलदार आणि पलीकडे राजुऱ्यात हाली. दोन्ही तीरांवर भाषा, सोयरिकी व आठवडी बाजार एक असले, तरी रुपया दोन प्रकारचा होता. संस्थानच्या सीमेवर करोडगिरीची नाकी असत आणि मालावर जकात घेतली जाई. बट्टा ही जणू त्याच जकातीची दुसरी, खासगी पावती होती.

हैदराबाद संस्थानात एकच नाणे प्रस्थापित होण्यास बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे खासगी मक्त्याने चालणाऱ्या अनेक टाकसाळी होत्या आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) भागात ‘गोविंदबक्षी’ नावाचा रुपया चालत असे. पहिले सालारजंग दिवाण असताना (१८५३–८३) या गोंधळास आळा घालण्याचे प्रयत्न झाले. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही संपली, तेव्हा नाण्यांवरील मोगल बादशहाचे नाव जाऊन आसफजाह निजामुल्मुल्क हे घराण्याच्या संस्थापकाचे नाव आले. त्यासोबत ९२ हा अंक असे. अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांची बेरीज ९२ होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सैफाबाद येथील नव्या यांत्रिक टाकसाळीतून चारमिनारची आकृती असलेले सुबक नाणे निघू लागले. निजामाची मुखाकृती या नाण्यांवर नसे.

हाली रुपया कलदाराहून किंचित हलका, सुमारे ११·१८ ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात शेकडा ८१·८ भाग चांदी होती. म्हणजे त्यातील शुद्ध चांदी सुमारे ९·१४ ग्रॅम आणि कलदारातील सुमारे १०·६९ ग्रॅम भरते. या दोहोंचे प्रमाण जवळजवळ सहास सात असे आहे. १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा जो सरकारी दर पुढे सर्वतोमुखी झाला, त्याचे मूळ या प्रमाणात शोधता येते. सहा कलदार बरोबर सात हाली, असा तो सोप्या भाषेत सांगता येई. तथापि १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या टाकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद केल्या आणि कलदाराचे मूल्य त्यातील चांदीच्या मूल्यापासून तुटले, तेव्हा हालीचा दर काही वर्षे बराच डळमळला. नवे नाणे मर्यादित प्रमाणात पाडून व विनिमयाचे नियंत्रण करून संस्थानाने तो पुन्हा सावरला. यातून एक गोष्ट निष्पन्न झाली. हाली हे दिसायला स्वतंत्र चलन असले, तरी त्याचे मूल्य कलदाराच्या दावणीला बांधलेले होते.

देशी संस्थानांनी कागदी चलन काढण्यास ब्रिटिशांचा विरोध असे. पहिल्या महायुद्धात चांदीचा तीव्र तुटवडा पडला आणि हैदराबादने युद्धास मोठे साहाय्य केले, त्यामुळे १९१८ मध्ये हा विरोध सैल झाला. त्या वर्षी १० व १०० रुपयांच्या, १९१९ मध्ये १ व ५ रुपयांच्या आणि १९२६ मध्ये १,००० रुपयांच्या नोटा प्रसृत झाल्या. आरंभी त्या लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या मुद्रणसंस्थेत छापल्या जात. पुढे नाशिकच्या छापखान्यात. म्हणजे निजामाच्या राज्यात न चालणाऱ्या कलदार नोटा आणि कलदार मुलखात न चालणाऱ्या हाली नोटा एकाच मराठी गावी छापल्या जात होत्या. नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड भाषांतही मूल्य लिहिलेले असे. मराठी शाळांची आबाळ असलेल्या या संस्थानात मराठी अक्षरांना नोटेवर मिळालेली ही जागा लक्षणीय मानावी लागेल. १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे पुढे या चलनाचे व्यवस्थापन आले.

दुसऱ्या महायुद्धाने या दोन्ही चलनांची कसोटी पाहिली. ब्रिटिश सरकार भारतात करीत असलेल्या युद्धखर्चाच्या बदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंग रोखे जमा होत आणि त्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा काढी. १९३९ ते १९४५ या काळात प्रचारातील नोटा सुमारे सहापट झाल्या. घाऊक किमतींची पातळी सुमारे अडीचपट झाली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली, एक रुपयाची नोट आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. तांबे वाचविण्यासाठी १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघू लागला. हालीचा दर कलदाराशी बांधलेला असल्याने ही महागाई सीमेवर अडली नाही. करोडगिरीचे नाके माल थांबवू शकत होते, किमती थांबवू शकत नव्हते. नागपूरच्या गिरणी कामगारास आणि परभणीच्या शेतमजुरास या काळात सारखीच झळ बसली, आणि तीही कोणतेही एकक न बदलता. चलनवाढीचे खरे कारण कोठे असते, हे या सहा वर्षांनी पुरेसे दाखवून दिले होते. पुढील वादंगात त्याचे विस्मरण झाले, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर हाली हा राजकीय प्रश्न बनला. हैदराबाद व भारत सरकार यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर लवकरच संस्थानाने दोन वटहुकूम काढले : एकाने मौल्यवान धातूंच्या भारतात होणाऱ्या निर्यातीवर निर्बंध घातले, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात अग्राह्य ठरविले. याच सुमारास पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघडकीस आले. भारत सरकारने हे सर्व कराराचा भंग मानले. सीमेवरील व्यापाऱ्याच्या दृष्टीने दुसरा वटहुकूम अधिक जाचक होता, कारण वऱ्हाड, सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागाशी असलेला त्याचा व्यवहार कलदारात चाले. चलनाचे हे सार्वभौमत्व मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्याही ध्यानात आले होते. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर जानेवारी १९४८ च्या अखेरीस त्यांनी टाकलेला छापा प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले.

व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १ एप्रिल १९५० पासून संस्थानांचे आर्थिक एकीकरण झाले. चलन हा केंद्राचा विषय ठरला. भारतीय रुपया हैदराबाद राज्यात अधिकृतपणे आला आणि १९५१ पासून हाली चलन नव्याने काढणे थांबले. जुनी नाणी व नोटा एकदम रद्द न करता काही वर्षे बदलून देण्यात आल्या, हे धोरण शहाणपणाचेच होते. विनिमयाचा दर जुनाच, सात हालीस सहा भारतीय रुपये असा ठेवण्यात आला. ज्याच्याकडे ७०० हाली होते त्यास ६०० रुपये मिळाले. ७० हाली वेतन असलेल्या कारकुनाचे वेतन ६० रुपये झाले. १४० हालीचे सावकारी कर्ज १२० रुपयांवर आले. कागदोपत्री या चलनांतरात कोणाचीही वंचना झाली नाही.

मात्र बाजारातील हिशेब कागदावर होत नसे. हाली रुपयाचेही १६ आणे आणि आण्याच्या १२ पैच होत्या. म्हणजे नव्या व जुन्या चलनात नावे तीच राहिली आणि मूल्ये बदलली. चलनांतराचा हा सर्वांत फसवा प्रकार होय. एककाचे नाव बदलले की माणूस सावध होतो. नाव तेच राहिले की तो सवयीने चालतो. हाली आणा म्हणजे कलदारातील १० पूर्णांक २/७ पै. एवढी मोड देण्यास कोणतेही नाणे उपलब्ध नव्हते. त्यामुळे एक हाली आण्याची वस्तू एक कलदार आण्यास विकणे दुकानदारास सोयीचे होते आणि असे झाल्यास ती वस्तू एक षष्ठांशाने, म्हणजे शेकडा सुमारे १६·७ इतकी महाग होई. उलट वेतन व मजुरी मात्र सात-सहाच्या दराने उतरे.

नाणे जितके लहान तितके हे अंतर मोठे. हालीतील नित्याचे हलके नाणे दोन पैंचे होते आणि एका आण्यास अशी सहा नाणी येत. त्याचे मूल्य भारतीय रुपयाच्या ११२ व्या भागाएवढे भरते. १९५० च्या नव्या भारतीय नाण्यांत सर्वांत लहान नाणे पैसा, म्हणजे रुपयाचा ६४ वा भाग. पैचे सुटे नाणे तर १९४२ नंतर पाडलेच गेले नव्हते.  दोन पैंच्या हाली नाण्यास मिळणारी पानाची पुडी पैशास विकली जाऊ लागली, तर तिची किंमत पावणेदोनपट झाली. कापडाचे ठाण, बैलजोडी किंवा जमीन घेणाऱ्यास सात-सहाचा हिशेब करणे परवडे आणि तो करी. रोज मीठ, मिरची व तेल चिमूटभर घेणारा मजूर हा हिशेब करू शकत नव्हता, कारण अपूर्णांकाचे नाणेच नव्हते. चलनांतराचा भार उत्पन्नाच्या उलट प्रमाणात पडतो, तो असा. यावर उपाय, अर्थात, अधिक लहान नाणे हाच. पण धातूची किंमत व टाकसाळीचा खर्च पाहता कोणतेही सरकार त्याबाबत अनुत्सुकच असते.

याच काळात कोरियन युद्धामुळे १९५०–५१ मध्ये कच्च्या मालाचे भाव जगभर चढले आणि १९५२ मध्ये उतरले. कापूस पिकविणाऱ्या मराठवाड्यात या चढउताराचा परिणाम होणे स्वाभाविक होते. त्यामुळे हाली गेल्याने झालेली भाववाढ किती आणि जागतिक तेजीची किती, हे निश्चितपणे वेगळे काढणे कठीण आहे. सामान्य ग्राहकाने मात्र सर्व भाववाढ नव्या रुपयाच्या माथी मारली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा व विदर्भ हे दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आले. राजुरा तालुका आदिलाबादहून प्रथम नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. नागपूर राजधानीचे शहर राहिले नाही. मात्र त्याच वर्षी तेथे रिझर्व्ह बँकेचे कार्यालय सुरू झाले. पुनर्रचनेनंतर पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, १९५५ च्या भारतीय नाणे (दुरुस्ती) अधिनियमाची अंमलबजावणी होऊन दशमान नाणेपद्धती अस्तित्वात आली. रुपया कायम राहिला. त्याचे १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै जाऊन १०० नवे पैसे झाले. नागपूर आणि नांदेड यांनी एकाच राज्यात, एकाच दिवशी चलन बदलण्याचा हा पहिलाच प्रसंग. नांदेडला त्याचा अनुभव ताजा होता; नागपूरला तो शंभर वर्षांपूर्वीचा होता.

येथे नाव बदलले होते, म्हणून ‘नया पैसा’ असे विशेषण मुद्दाम लावण्यात आले आणि ते १ जून १९६४ रोजी काढून टाकण्यात आले. पावली व अधेली यांचे २५ व ५० नव्या पैशांशी तंतोतंत जुळत असल्याने त्या जुन्याच नाण्यांनी चालत राहिल्या. अडचण त्यांच्या खालच्या नाण्यांची होती. एक आणा म्हणजे ६·२५ नवे पैसे. निम्मा वा त्याहून कमी अपूर्णांक सोडावा आणि निम्म्याहून अधिक असल्यास पुरा धरावा, असा नियम होता. त्यानुसार एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे होत. दोन आण्यांत ग्राहकाचा अर्धा पैसा वाचे, तर तीन आण्यांत पाव पैसा जाई. एकंदरीत नियम न्याय्य होता. पण जुना एक पैसा म्हणजे १·५६ नवे पैसे. त्याचे दोन धरले जात. चार वेळा एकेका पैशाचा जिन्नस घेणाऱ्यास आठ नवे पैसे पडत. तोच जिन्नस एकदम आण्याचा घेणाऱ्यास सहा. गरिबाची खरेदी सुटी असते, हे कोष्टक करणाऱ्यांच्या लक्षात आले नसेल असे नाही; परंतु कोष्टकात त्यास जागा नव्हती. नऊ पैंचे पोस्टकार्ड पाच नव्या पैशांचे झाले. हा फरक अल्प असला, तरी तो सरकारच्याच बाजूने पडल्याने लोकांच्या नजरेत भरला.

मराठवाड्यातील ग्राहकाच्या बाबतीत दोन्ही चलनांतरे एकत्र धरली, तर चित्र असे दिसते : हालीतील दोन पैंच्या नाण्याचे मूल्य ०·८९ नवा पैसा. ते प्रथम एक भारतीय पैसा आणि नंतर दोन नवे पैसे झाले असल्यास, केवळ नाण्यांच्या सोयीने ती वस्तू सव्वादोनपट महाग होते. याउलट हाली आणा ५·३६ नव्या पैशांचा. तो कलदार आणा होऊन सहा नव्या पैशांवर आला असता वाढ शेकडा १२ एवढीच राहते. रुपयाच्या व त्यावरील व्यवहारात ती नगण्य होते. हा केवळ गणिताचा हिशेब आहे. प्रत्यक्षात स्पर्धा, घासाघीस आणि माप कमी-अधिक करण्याची पद्धत यांमुळे तो बराच सौम्य झाला असणार. शिवाय १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलोग्रॅम आला. शेरास इतके आणे याऐवजी किलोस इतके पैसे असा भाव झाल्यावर जुन्या-नव्या किमतींची तुलना करणे सुशिक्षितासही अवघड झाले.

नव्या पैशाचे आगमन आणि भाववाढ एकाच वेळी झाल्याने त्यांचा कार्यकारणसंबंध जोडला गेला. वास्तविक १९५६–५७ मधील भाववाढीची कारणे वेगळी होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी भांडवली खर्च वेगाने वाढला, त्याचा काही भाग तुटीच्या अर्थभरण्याने भागविण्यात आला आणि धान्याचे भाव चढले. या प्रश्नाच्या चौकशीसाठी १९५७ मध्ये अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तुटीचे अर्थभरण सामान्य माणसास दिसत नाही. हातातील पैसा दिसतो.

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचा इतिहास या दृष्टीने तुलनेस उपयुक्त आहे. त्या देशाने १९५८ मध्ये वसाहतकालीन पश्चिम आफ्रिकी पौंडाऐवजी स्वतःचा पौंड आणि १९६५ मध्ये दशमान ‘सेडी’ हे चलन आणले. १९६६ मध्ये एन्क्रुमा यांची सत्ता उलथल्यावर १९६७ मध्ये नवा सेडी निघाला, तो १·२० जुन्या सेडीबरोबर धरण्यात आला आणि त्यावरून एन्क्रुमांचे चित्र गेले. हैदराबादप्रमाणेच येथेही नाण्यामागे राजसत्तेचा प्रश्न होता. नंतरच्या काळात महागाईने कळस गाठला. १९८३ मध्ये तिचा वार्षिक दर शेकडा १०० हून अधिक होता. शून्यांची संख्या इतकी वाढली की, जुलै २००७ मध्ये १०,००० सेडींचा एक नवा ‘घाना सेडी’ करण्यात आला आणि ‘मूल्य तेच आहे’ असा सरकारी प्रचार देशभर झाला. प्रचार खरा होता. पण शून्ये काढल्याने शून्ये वाढविणारी कारणे जात नाहीत. २०२२ च्या अखेरीस तेथील महागाईचा दर पुन्हा शेकडा ५० वर गेला. फ्रान्सने १९६० मध्ये १०० जुन्या फ्रँकांचा एक फ्रँक केला, त्यास मात्र आर्थिक शिस्तीची जोड असल्याने ते चलन टिकले.

भारतात रुपयावरील शून्ये काढण्याचा प्रसंग आलेला नाही. १९४६, १९७८ व २०१६ मध्ये मोठ्या मूल्याच्या नोटा रद्द झाल्या आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. यांपैकी एकही चलनांतर नव्हते. येथे चलनवाढीने वेगळी वाट धरली. तिने वरून शून्ये वाढविण्याऐवजी खालून नाणी खाल्ली. एक, दोन व तीन पैशांची नाणी प्रथम बाजारातून नाहीशी झाली आणि २५ पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ नंतर कायद्यानेही बाद झाली. ज्या पावलीने १९५७ मध्ये आणे व पैसे यांच्यातील दुवा सांभाळला, तीही त्यांत गेली. एकेकाळी आण्याच्या अपूर्णांकावरून जो वाद झाला, तो अपूर्णांक आता मोजणेच शक्य नाही.

मराठवाड्यातील जुनी खरेदीखते, गहाणखते व वतनाचे कागद यांत रकमा हाली किंवा ‘उस्मानिया सिक्का’ अशा नोंदीसह आढळतात. न्यायालयीन निवाड्यांतही ‘ओ. सि. रुपये’ अशी संक्षिप्त नोंद दिसते. विदर्भाच्या सीमेवरील दस्तऐवजांत एकाच व्यवहाराचा काही भाग हालीत व काही कलदारात असणे शक्य आहे. त्यामुळे जमिनीच्या किमती, मजुरी वा सारा यांची दोन्ही प्रदेशांत तुलना करणाऱ्या अभ्यासकाने प्रथम सिक्क्याची नोंद पाहावी लागते. हाली रक्कम कलदार समजून वाचली, तर ती एक षष्ठांशाने फुगते आणि पैनगंगेच्या दक्षिणेकडील गाव उत्तरेकडील गावापेक्षा, कारण नसताना, श्रीमंत दिसू लागते.